पाच कॉम्प्युटर, एक टीव्ही आणि आम्ही चौघं शिक्षक : सुरुवात कुठून करावी?

बालाघाटची मास्तरीण

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात धारूरच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते पाचवी, पट ६४, शिक्षक ४. यंदा बदलीनं आले आणि मुख्याध्यापकाचा चार्जही गळ्यात पडला. डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीवर, सह्या करताना कळलं की शाळेकडं ५ कॉम्प्युटर, १ प्रिंटर, ४३ इंची टीव्ही आणि २ टॅब आहेत. टीव्ही कपाटात, चादरीत गुंडाळलेला. बाहेर भिंतीवर मात्र ‘डिजिटल शाळा’ असं ठळक रंगवलंय.

कॉम्प्युटरची अवस्था सांगते. दोन नीट चालू होतात. एक चालू होतो, पण दर वेळी तारीख २००९ दाखवतो आणि त्यावर एकही वेबसाइट उघडत नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो. एक नुसता टीं टीं करतो, पडदा काळाच. पाचव्याच्या वायरी उंदरानं खाल्ल्यात.

आता माणसांचं. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट चौघांकडंही आहे, नोकरीला लागतंच ते. पण प्रत्यक्षात सगळी ऑनलाइन कामं एकाच तरुण सरांवर आहेत. यू-डायसवरची शाळेची माहिती, शालार्थवरचे पगार, पोषण आहाराची रोजची नोंद, लेकरांचे अपार ओळख क्रमांक, सगळं. गावात त्यांचं नावच ‘ऑनलाइनवाले सर’ पडलंय. ते रजेवर गेले की शाळा मुकी होते. दुसरे गुरुजी निवृत्तीला आलेत, माऊसला हात लावत नाहीत. तिसऱ्या ताई मोबाईलवर गाणं लावून सुंदर व्हिडिओ बनवतात, आणि कॉम्प्युटरचं नाव काढलं की म्हणतात, “मला नाही बाई जमत.”

लेकरांचं तर वेगळंच. दिवाळी झाली की निम्मा गाव कोयता घेऊन ऊसतोडीला, कारखान्याला जातो. काही लेकरं वसतिगृहात राहतात, काही आईबापासोबत जातात ती पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच दिसतात. म्हणजे जे काय शिकवायचं ते जून ते दिवाळी.

गावातली पोरं वर्गणी काढायला तयार आहेत. मोठा टच फळा घ्या म्हणतात. मला भीती एवढीच की उद्या त्याचीही डेडस्टॉकला एक ओळ व्हायची. आधी काय करावं?

कोरा फळा

सोपं आहे मॅडम. टीव्ही चादरीतून काढा, लेकरं समोर बसवा, फोटो काढा, ग्रुपवर टाका, परत चादरीत गुंडाळा. आमच्याकडं वर्षानुवर्षं असंच चाललंय, तक्रार कुणाचीच नाही.

जाऊ द्या. खरं विचाराल तर आता हे सगळं शिकवायची गरज किती उरली? पाळण्यातलं लेकरू मोबाईल चालवतंय.

खडूफळा

फळेबुवा, चालवायलंय, पण काय चालवायलंय ते बघा की. ‘असर’ या शिक्षणाच्या अहवालासाठी झालेल्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाची ८२ टक्के पोरं म्हणाली, स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात सोशल मीडिया बघितला होता, अभ्यासासाठी फोन वापरला होता ५७ टक्क्यांनी. माझ्या वर्गातली लेकरं व्हिडिओ वर ढकलण्यात पटाईत आहेत, पण ‘आपल्या तालुक्यात बाजार कोणत्या वारी भरतो ते शोध’ म्हटलं की माझ्या तोंडाकडं बघतात.

मॅडम, मी परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. वर्गणी सध्या गावाच्याच खिशात राहू द्या. तुमच्याकडं आहे तेवढ्यात दोन वर्षं पुरेल इतकं काम आहे.

आधी मशिनी. तारीख २००९ ला जाणाऱ्या कॉम्प्युटरच्या आतला, मदरबोर्डवरचा सेल संपलाय. नाण्याएवढा चपटा असतो, त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. वेबसाइटच्या सुरक्षेच्या दाखल्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध’ असं असतं. तुमचा कॉम्प्युटर २००९ मध्ये बसलेला, त्यामुळं आजचा दाखला त्याला अजून सुरूच न झालेला दिसतो आणि तो दार उघडत नाही. लोक उगं नेटला शिव्या देत बसतात. सेल बदला, तारीख-वेळ लावा, सुरू होईल.

टीं टीं करणाऱ्याची बहुतेक रॅम मळलेली आहे. भिंतीतली वायर काढा. मग पॉवरचं बटण एकदा दाबा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. डबा उघडून रॅमची पट्टी दोन्हीकडच्या खिट्ट्या दाबून वर काढा. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात, ते पांढऱ्या खोडरबरानं हळूच घासा, रबराचा चुरा ब्रशनं झटका आणि पट्टी ‘कट्ट’ आवाज येईपर्यंत दाबून बसवा. आणि हे ऑफिसचं दार लावून करू नका, पाचवीच्या वर्गात टेबलावर करा. खोडरबर एखाद्या लेकराचंच मागून घ्या. आमच्या एका पोरीनं तेव्हा विचारलं होतं, “सर, याच्या आत एवढी धूळ कशी जाती, दार तर बंद आहे?” मग पंखा दाखवला, हवा कुठून आत येते, कुठून बाहेर जाते, सगळं निघालं. विज्ञानाचा तासच झाला म्हणा. उंदरानं खाल्लेला पाचवा असाच उघडा ठेवा. प्रोसेसर, हार्डडिस्क, पंखा काढून पुठ्ठ्यावर चिकटवा, नावं लेकरांना लिहू द्या. मात्र पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा कुणालाही उघडू देऊ नका, वायर काढल्यावरही त्यात झटका बसण्याइतकी वीज राहते.

जुन्या मशिनवर विंडोज ७ असेल, तर त्याची सुरक्षा अपडेटं जानेवारी २०२० लाच बंद झालीत. विंडोज १० चीही नेहमीची मदत ऑक्टोबर २०२५ ला संपली. ऑफिसच्या कामाचं एक मशिन विंडोजवर चालू स्थितीत ठेवा. बाकीच्यांवर आम्ही विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलंय, फुकट आहे आणि ४ जीबी रॅमवर बरं चालतं. सोबत लिहायला आणि तक्त्यांना लिब्रे ऑफिस, चित्रांना टक्स पेंट, शिकण्याच्या खेळांना जीकॉम्प्री. ही तिन्ही फुकट, आणि एकदा टाकली की नेट लागत नाही.

आता खरी अडचण, म्हणजे आपण मास्तर लोक.

तुमचे ऑनलाइनवाले सर बिचारे चांगले असणार, पण शाळेचं शिकणं त्यांनीच थांबवलंय. २०१६ च्या आसपास ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द आला आणि प्रत्येक शाळेत एकाच्या गळ्यात ती माळ पडली. उरलेले त्या दिवसापासून मोकळे. आमच्याकडं आता एक नियम आहे : ज्याला येतं त्यानं हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. तोंडानं सांगायचं, माऊस धरायचा नाही. फार जड जातं. समोरचा माणूस ‘सेव्ह’चं बटण शोधत पडदाभर फिरतोय आणि आपले हात शिवशिवतात. पण हात घातला की संपलं, पुढच्या खेपेला तो परत हाकच मारणार.

दुसरं, कामं वाटा. आहाराची नोंद ताईंकडं, हजेरीचा गोषवारा गुरुजींकडं. आणि ओटीपी एकट्याच्या खासगी मोबाईलवर येतो ते बंद करून शाळेचा नंबर लावा, नाहीतर त्यांची बदली झाली की लॉगिनं पण त्यांच्यासोबत जातात.

तिसरं, मराठी टायपिंग. यावर मी जरा लांब लिहिणार, कारण बहुतेकांची गाडी इथंच अडते. जुनी पत्रं एखाद्या जुन्या फाँटात असतात, दुसऱ्या मशिनवर उघडली की त्यांचा उकिरडा होतो. म्हणून युनिकोडच, म्हणजे कुठल्याही मशिनवर तेच अक्षर दिसतं. आणि त्यात इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिका. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की साधारण तोच मिळतो. रचना अशी आहे की मराठीच्या शिक्षकानं खूश व्हावं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ‘के’च्या कळीवर क, शिफ्ट धरून तीच दाबली की ख. ‘आय’वर ग, शिफ्टला घ. ‘एल’वर त आणि थ, ‘ओ’वर द आणि ध, ‘एच’वर प आणि फ. अल्पप्राण साधा, महाप्राण शिफ्टला! स्वरांचंही तसंच : ‘ई’ची कळ दाबली की काना, शिफ्टला आख्खा आ. पाय मोडायला ‘डी’. आता ‘नमस्कार’ लिहा : व्ही, सी, एम, डी, के, ई, जे. न, म, स, पाय मोडा, क, काना, र.

‘शेतकऱ्यांचा’मधला ऱ्य कसा काढायचा हे सगळेच विचारतात. शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग य. आणि ज्यांनी टाइपरायटरच्या पद्धतीचं टायपिंग केलंय त्यांना सांगा, पहिली वेलांटी आधी टाकायची नाही. ‘कि’ला आधी क, मग वेलांटी, म्हणजे जसं बोलतो तसं. दिसताना ती आपोआप पुढं जाऊन बसते.

सराव कशाचा करायचा? उतारे नकोत. किरकोळ रजेचा अर्ज ज्याचा त्यानं टाइप करायचा. रजा सगळ्यांनाच लागते.

लेकरांसाठी : एका मशिनवर दोघं, एकाचा माऊस, दुसऱ्यानं फक्त बोलायचं, मग अदलाबदल. सुरुवातीला पोरींच्या जोड्या पोरींशीच लावा, नाहीतर माऊस पोरांच्या हातून सुटतच नाही. दुसरी-तिसरीची लेकरं बाण वर न्यायचा म्हणून माऊस हवेत उचलतात, हसू नका, त्यांच्या हिशोबानं बरोबरच आहे. टक्स पेंटवर घर, झाड, बैल काढू द्या. हात बसायला तेवढं पुरतं. पोळ्याच्या आठवड्यात आमच्याकडं सगळ्या मशिनींवर बैलच होते, एकाची शिंगं पडद्याच्या बाहेर गेलेली.

वीज नसली तर पटांगणात फक्कीनं चौकटी आखायच्या. एक लेकरू यंत्रमानव. बाकीच्यांनी ‘दोन घरं पुढं, उजवीकडं वळ, एक घर पुढं’ असं कागदावर लिहून त्याला रांजणापर्यंत न्यायचं. सूचना चुकली की यंत्रमानव भिंतीला जाऊन धडकतो आणि सगळा वर्ग ओरडतो. मग चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे ते शोधायचं. प्रोग्रॅमिंग दुसरं काय असतं?

आणि तुमची लेकरं जून ते दिवाळी असतात म्हणालात, तर पाऊस धरा. सरळ कडांच्या बाटलीचं पर्जन्यमापक करा, रोज ठरल्या वेळी मोजा. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, आपण शाळा भरताना मोजलं तरी चालतं, वेळ तीच ठेवा म्हणजे झालं. चौथी-पाचवीनं आकडा लिब्रे ऑफिसमधल्या कॅल्कच्या तक्त्यात भरायचा, महिन्याची बेरीज सूत्रानं, मग स्तंभालेख. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. आमच्या वर्गाचं छत ८ मीटर गुणिले ६, म्हणजे ४८ चौरस मीटर. एका रात्री २५ मिलिमीटर पडला, तक्त्यानं उत्तर दिलं १२०० लिटर. टँकरमागं हंडे घेऊन पळालेली लेकरं आहेत ही, मॅडम. एकजण लगेच म्हणाला, “सर, मग आपलं पाणी गेलं कुठं?” त्या तक्त्याचा प्रिंट ग्रामसभेत नेला होता. पन्हाळीचं काम अजून झालेलं नाही, ते सोडा.

वायरमन लातूरकर

मी शिक्षक नाही, इलेक्ट्रिशियन आहे. दोन लेकरं झेडपीच्या शाळेत आहेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत आहे. खडूफळा सरांनी सगळं लिहिलं, पण विजेकडं कुणी बघितलंच नाही.

ताई, मशिनी लावायच्या आधी अर्थिंग तपासून घ्या. जुन्या शाळाखोल्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर समजा अर्थिंग नाही. फरशीवर अनवाणी लेकरं बसतात, यात हयगय नको.

इन्व्हर्टरचा हिशोब : १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ९०० धरा. टीव्ही ८० वॉट धरला तर शाळेचा पूर्ण दिवस निघतो. पण जुना डेस्कटॉप मॉनिटरसकट दीडशे वॉटच्या घरात जातो, चार लावले तर दीड तासात बॅटरी बसली. म्हणून लोडशेडिंगच्या वेळी टीव्ही नाहीतर टॅब, आणि कॉम्प्युटर लाइन असताना. वेळापत्रकच तसं करा.

पैशाचं : समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानाचा निकष पटावर आहे, ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार. तुम्ही दुसऱ्यात बसता. त्यातले १० टक्के स्वच्छतेवर घालावे लागतात. सेल, माऊस, वायरिंग एवढं त्यात निघेल. वर्गणी हवीच असेल तर सोलरसाठी काढा. आमच्या शेजारच्या एका शाळेत बिल थकून मीटर निघालं, तेव्हापासून तिथला टीव्ही बंदच आहे.

बालाघाटची मास्तरीण

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी विचारायच्यात.

ताईंना सकाळी आहाराची नोंद करायला बसवलं, जमली की! सर मागं हात बांधून उभे होते, घामाघूम झाले बिचारे. पण गुरुजींचं काय करू? मला वडिलांसारखे आहेत, जबरदस्ती करवत नाही. “आता काय करायचंय मला, चार दिवस राहिले,” म्हणतात.

दुसरं, आमच्या पटावर शेजारच्या तांड्यावरची बरीच लेकरं आहेत. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. मोबाईलवर मराठीत बोलून टाइप करायला दिलं तर फोन काहीच्या काही उमटवतो, लेकरं लाजतात आणि मग बोलायचंच बंद करतात.

तांड्यावरचा मास्तर

मॅडम, दुसऱ्याचं मी सांगतो, मी स्वतः तांड्यावरचा आहे, आता नांदेड जिल्ह्यात शिकवतो. बोलून टाइप करणं सध्या ठेवून द्या. ते यंत्र मराठी ऐकायला शिकवलेलं, त्याला गोरमाटी उच्चार झेपत नाहीत. लेकराला मात्र वाटतं आपलंच तोंड वाकडं आहे.

त्याऐवजी साधा रेकॉर्डर उघडा. लेकरांनी घरी याडीकडून, म्हणजे आईकडून, एक गोष्ट ऐकायची, टॅबवर गोरमाटीतच सांगायची. ऐकायचं, नको तो भाग कापायचा, फाइलला नाव द्यायचं, फोल्डरमध्ये ठेवायचं. एवढ्यात किती कौशल्यं आली बघा. नंतर तीच गोष्ट मराठीत चार ओळी लिहायच्या, टायपिंग आपोआप होतं. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी मोकळ्या परवान्यात आहेत, डाउनलोड करून ठेवल्या की नेटशिवाय टीव्हीवर दाखवता येतात. आमच्या वर्गात त्याच गोष्टी लेकरं गोरमाटीत बोलून रेकॉर्ड करतात, पहिलीची पोरं ते ऐकत चित्रं बघतात.

कारखान्याला जाणाऱ्या लेकरांच्या बापाच्या फोनमध्ये या फाइली आणि दीक्षा ॲपवरचे त्यांच्या इयत्तेचे धडे जायच्या आधी भरून द्या. उसाच्या फडावर रेंज नसली तरी चालतात. कार्डात जागा नसते, तेव्हा आधी फोनमधला कचरा लेकराकडूनच काढून घ्या. आणि बापाला विचारून, तो समोर असताना. एका पोरानं मुकादमाच्या हिशोबाचे फोटो उडवले होते, फार बोलणी बसली.

खडूफळा

गुरुजींना कॉम्प्युटर शिका म्हणूच नका. त्यांना जुनी दाखलखारीज रजिस्टरं, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या लेकरांच्या नोंदी, वाचायला बसवा. आमच्याकडं निजामाच्या काळातल्या उर्दू नोंदी आहेत, मोडीतल्याही काही आहेत. तुमच्याकडं नसल्या तरी पन्नास वर्षांपूर्वीच्या पानांवरचं अक्षर नव्या मास्तरांना लागत नाही. लोक जातीच्या दाखल्यासाठी आजोबाची नोंद शोधत येतात आणि दर वेळी तीच जीर्ण पानं उलटावी लागतात. पानांचे फोटो ऑनलाइनवाल्या सरांनी काढायचे. नाव, गाव, जन्मतारीख, दाखल तारीख गुरुजींनी वाचायची आणि पाचवीच्या दोन पोरींनी तक्त्यात भरायची. या नोंदींत लोकांची खासगी माहिती असते, म्हणून फाइल शाळेच्याच मशिनवर ठेवा, ग्रुपवर टाकू नका.

आमच्या गुरुजींनी असं सुरू केलं तेव्हा पोरींना वेलांट्या सापडेनात. चार पानं झाली आणि गुरुजी म्हणाले, “सरक बरं, मी दाबतो.”

बालाघाटची मास्तरीण

हे करते. रजिस्टरं १९५० च्या आधीपासूनची आहेत, कपाटात टीव्हीच्या खालीच सापडली. वायरमन दादा, मुंग्या येतात हो दोन मशिनींना. अर्थिंगचा खड्डा किती खोल लागतो?

वायरमन लातूरकर

तुमच्याकडं मुरूम-खडक आहे, तेव्हा जागा बघूनच ठरवावं लागेल. ओल धरणारी जागा निवडा, हापशाजवळची चालेल. तोवर त्या दोन्ही मशिनी बंद ठेवा, प्लगसुद्धा काढून ठेवा. जागेचा आणि मीटरच्या बोर्डाचा फोटो इथं टाका, धारूरकडचा ओळखीचा माणूस पाठवतो.